धाकूने घर रंगवलं

समुद्राकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. त्याचं घर आमच्या घराला लागून. मध्ये फक्त दगडांचा गडगा. त्यामुळे त्याच्याकडे काय चाललंय ते मला बघावं लागत नसे, दिसायचंच.

धाकू आळशी नव्हता. सांगाल ते काम करायचा. अडचण तीच होती. सांगाल ते करायचा.

त्याची बायको इंदू बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिला मुलगी झाली. धाकू बघायला गेला तेव्हा इंदूने त्याला समोर बसवून सांगितलं की आपली समुद्राकडची भिंत दरवर्षी वाऱ्यापावसात भिजते आणि घरभर ओल धरते. माझं मी सोसलं. पण पाळणा त्या घरात बांधायचा असेल तर पाऊस लागायच्या आत भिंतीला चांगला रंग लावून घ्या. "घर कोरडं दिसलं तरच मी लेकीला आत आणीन," ती म्हणाली. "नाहीतर दारातून माघारी."

धाकू घरी आला. त्याला लेक फार आवडली होती. तो गडग्याशी येऊन मला म्हणाला, "काकी, तिला माझी नखं आहेत." मग बाजारात गेला.

बाजारात शेठचं रंगाचं दुकान होतं. शेठने त्याला वाऱ्यापावसाला टिकणारा बदामी रंग दिला, ब्रश दिला आणि लोखंडी पत्रा दिला. सांगितलं की जुन्यावर नवा रंग धरत नाही. आधी भिंत खरवडून घे. जे निघतं ते सगळं काढायचं. निघायचं थांबलं की तू थांब.

धाकूने ते मनात पक्कं केलं.

सकाळी तो भिंतीला लागला. आधी जुना चुना निघाला. मग गिलावा निघाला. मग माती निघाली. मातीत बसवलेले दगड मोकळे झाले, तेही निघाले. मी गडग्यावर वाल वाळत घालत होते. वाल तसे वाळलेलेच होते. बघते तर भिंतीतून धाकूचं डोकं बाहेर.

"काकी," तो म्हणाला, "अजून निघतंय."

धाकूची भागी आत्या त्याच्याकडे राहायला आली होती. इंदू येईपर्यंत त्याचं जेवणखाण बघायला. ती चुलीवरून उठून आली तर स्वयंपाकघरात समुद्र दिसत होता. तिने कपाळावर हात मारला. मग त्याला समजावलं की अरे, घराला भोक पडलं तर वारा आत शिरतो. भोक दिसलं की आधी ते बुजवायचं. एकही भोक ठेवायचं नाही. मगच रंगाला हात लावायचा.

"असं होय," धाकू म्हणाला. "आधी सांगायचं ना."

त्याने ते मनात पक्कं केलं. माती कालवली, दगड बसवले आणि भिंतीचं भोक बुजवलं. काम बाकी चांगलं केलं. मग दुसरं भोक शोधायला निघाला. चुलीवरचा धूर जायचा झरोका बुजवला. कुलपाचं भोक बुजवलं. मोरीचं भोक बुजवलं. उंदराचं बुजवलं तेव्हा मला वाटलं, याला अक्कल आली. पण मग त्याने आत्याची पिठाची चाळण घेतली. तिची भोकं एकेक करून बुजवायला त्याची सगळी दुपार गेली. झारा लवकर झाला. त्याला भोकं मोठी असतात.

संध्याकाळी आत्याने चूल पेटवली आणि अंघोळीचं पाणी काढलं. थोड्या वेळाने ती खोकत बाहेर आली. मागून धूर आला. त्याच्यामागून मोरीचं पाणी आलं.

ती गडग्यावर बसली. मी तिला पाणी दिलं. तिने धाकूला जवळ बोलावलं आणि फार शांतपणे सांगितलं. शांतपणाच मला बरा वाटला नाही. ती म्हणाली की बाबा, ज्या बाजूने वारा येतो-जातो, पाणी येतं-जातं, ती वाट मोकळी सोडायची असते. तिथे काही फासायचं नाही.

"वारा आणि पाणी येतं तिथे काही फासायचं नाही."

"बरोबर."

"असं होय," धाकू म्हणाला. "आधी सांगायचं ना."

त्याने झरोका, मोरी, कुलूप सगळं मोकळं केलं. चाळण काही मोकळी झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो रंगाला लागला. अगदी मन लावून. उत्तरेची भिंत बदामी केली. दक्षिणेची केली. मागची केली. येणारा जाणारा थांबून बघायचा. आमचे हे सुद्धा म्हणाले की मुलगा झाल्यावर माणूस बदलतो. मी म्हटलं, मुलगी झाली. ते म्हणाले, तरीही बदललाय.

मग रंग संपला म्हणून धाकू पुन्हा दुकानात गेला. मलाही त्या दिवशी बाजारात काम निघालं. शेठने विचारलं, कुठवर आलं काम? धाकूने सांगितलं की तीन भिंती झाल्या, आता आतून करतो.

"आणि समुद्राकडची?"

"ती मोकळी सोडली. वारा आणि पाणी तिथूनच येतं, शेठ."

शेठने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला की अरे, ती एक भिंत वाचावी म्हणून तर हा रंग. मागच्या भिंतीला पाऊस लागतो कुठे? जे वाऱ्यापावसाच्या तोंडावर उभं असतं ना, त्याला रंग लावायचा. दोन हात. आणि पहिला हात वाळेस्तोवर कुठे टेकायचं नाही.

"असं होय," धाकू म्हणाला. "आधी सांगायचं ना."

घरी येऊन त्याने समुद्राकडच्या भिंतीला पहिला हात दिला. छान दिला. मग मागे सरून इकडेतिकडे बघितलं. अंगणात माड उभा होता. बारा महिने वाऱ्यापावसाच्या तोंडावर. त्याला दिला. वाफ्यात बुजगावणं उभं होतं, त्याला दिला. आमची म्हैस गडग्याबाहेर उभी होती. म्हैस गरीब आहे, हलली नाही. तिला शेपटीपर्यंत दिला.

आमच्या ह्यांना संध्याकाळी अंगणात उभं राहून समुद्राकडे बघायची सवय आहे. बघत काही नाहीत, नुसते उभे राहतात. पाठीवर गार लागलं तेव्हा त्यांना वाटलं वारा सुटला. मानेवर लागलं तेव्हा वळले. धाकू त्यांना आदराने म्हणाला, "काका, हा पहिला हात. वाळला की दुसरा देतो. तोवर कुठे टेकू नका."

आणि हे बराच वेळ टेकले नाहीत. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, वाढ, पण पाटाला टेकू देऊ नकोस. धाकूचं आणि ह्यांचं कसं जमतं ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीचा दुसराही हात झाला. म्हैस तेवढ्यात पाण्यात जाऊन बसली. पण भिंत खरोखर सुरेख झाली होती. हात फिरवला तर गुळगुळीत. इंदूचा निरोपही आला होता की उद्या दुपारच्या एसटीने लेकीला घेऊन येते.

भागी आत्याने ब्रश घेऊन विहिरीमागे लपवला. आता एकच काम राहिलं होतं. आमच्याकडे नुसत्या रंगावर कुणी भिंत सोडत नाही. माडाच्या झावळ्या विणून झापं करतात, ती भिंतीला उभी लावतात आणि सुंभाने घट्ट बांधतात. पाऊस झापांवर आपटतो, भिंत आत सुकी राहते. दिवाळीला झापं सोडायची, जळणाला घ्यायची. आता धाकूने गेल्या वर्षीही झापं बांधली होती. पण श्रावणात कुणी म्हणालं, जळण ओलं झालंय रे, एक झाप दे. याने दिलं. दुसरा आला, त्यालाही दिलं. भर पावसात भिंत उघडी पडली.

म्हणून सकाळी आत्याने त्याला उंबऱ्यावर उभं करून बजावलं. मी ऐकलं, कारण आत्या मोठ्याने बोलते आणि मी गडग्याशी होते. ती म्हणाली की आज झापं बांधून टाक. पाऊस वळून मागूनही मारतो, तेव्हा चारी अंगांनी बांध. फट म्हणून ठेवू नकोस. आणि एकदा बांधलीस की दिवाळीपर्यंत सोडायची नाहीत. कुणी मागो, कुणी रडो, कुणी शिव्या देवो.

"आणि तू सांगितलंस तर?" धाकूने विचारलं.

"मी सांगितलं तरी सोडायची नाहीत."

धाकूने ते मनात पक्कं केलं. आत्या रोज पहाटे उठणारी, त्यात रंगाच्या वासाने तिचं डोकं दुखत होतं. जेवून ती आत जरा आडवी झाली.

मी तेव्हा इंदूला आणायला एसटीच्या थांब्यावर गेले होते. हे घरात पाठीला रॉकेल चोळत होते. नाहीतर पुढचं झालं नसतं.

एसटी फार उशिरा आली, तोवर आभाळ भरून आलं होतं. इंदू उतरली. मी लेकीला पदराखाली घेतलं, इंदूने छत्री धरली आणि आम्ही भराभर घराकडे निघालो. वाटेत पावसाने गाठलंच. वारा असा की छत्री उलटी झाली. पण लेक सुकी होती, झोपलेली होती. मी इंदूला सांगत होते की भिंत बघशील तर खूश होशील.

अंगणात आलो. भिंत नव्हती. घरच नव्हतं. झापांचा एक मोठा ढीग उभा होता, चारी बाजूंनी सुंभाने आवळलेला. दार नाही, खिडकी नाही, फट नाही. ढिगापुढे धाकू चिंब भिजत उभा होता आणि हसत होता.

आम्ही आमच्या पडवीत शिरलो. इंदूने तिथूनच विचारलं, "अहो, घर कोरडं आहे ना?"

"एक थेंब नाही," धाकू म्हणाला. "पाहिजे तर विचार."

"कुणाला विचारू?"

धाकूने झापाला तोंड लावलं. "आत्या, ओल आली का गं?"

झापांच्या आतून भागी आत्याचा आवाज आला. बसलेला होता. बराच वेळ ओरडत असावी. "नाही आली रे मेल्या. सुकं आहे सगळं. आता मला बाहेर काढ. पाया पडते तुझ्या."

धाकू आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "बघ. दुपारपासून हेच चाललंय. रडून झालं, शिव्या देऊन झाल्या. मी सोडलं नाही. तू बाळाला घेऊन दिवाळीला ये. असंच कोरडं मिळेल."

इंदूने आमच्या पडवीतला कोयता काढून घेतला. पायरी उतरता उतरता तिने फक्त एवढंच विचारलं की दिवाळीपर्यंत आत्याबाई आत खाणार काय होत्या?

धाकू विचारात पडला. पाऊस त्याच्या नाकावरून ओघळत होता.

"ते आत्याने सांगितलं नाही," तो म्हणाला.