सखाहरीची कातडी आणि साहेबांची सही

आमच्या शेजारच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा भजीवाला होता. वजन एकशे चाळीस किलो. डॉक्टर म्हणाले, "तेलाकडे बघायचंसुद्धा नाही." तेव्हापासून तो डोळे मिटून भजी तळायचा. भजी करपायची. त्याला स्वतःलाही ती खाववेनात, म्हणून वजन निम्म्यावर आलं.

वजन गेलं, कातडी मात्र राहिली. पोटावर रिकाम्या पोत्यासारखी लोंबायची. घडीत घाम साचून जखमा व्हायच्या, बिचाऱ्याची सारखी आग आग व्हायची. कातडी काढायचं ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट होतं असं कळलं, तेव्हा त्याची बायको द्रौपदा देवीला नारळ बोलली.

सखाहरी इस्त्रीचा सदरा घालून, कातडी पट्ट्यात खोचून योजनेच्या साहेबांकडे गेला.

"छान दिसायला सरकार पैसे देत नाही," साहेब म्हणाले.

द्रौपदा चिडली. "अहो, साहेबापुढं सदरा काढायचा!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो तहसील कचेरीत गेला. तिथले साहेब दिसताच सदरा काढला. शिपायाने बखोट धरून बाहेर घालवलं.

"अहो, तिथं अंग नाही, कागद दाखवायचा!"

"बरं."

मग दवाखान्यात तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट दाखवा." सखाहरीने रेशनकार्ड पुढे केलं.

"अहो, कागद नको. प्रत्यक्ष दाखवा!"

"बरं." ही मात्र त्याने पक्की खूणगाठ बांधली.

बाईंनी जखमा पाहून शिफारस लिहिली. आता फक्त योजनेच्या साहेबांची सही राहिली. द्रौपदाने वजनाची जुनी चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात घातली.

साहेब म्हणाले, "आधी केवढे होता ते दाखवा. लगेच सही करतो."

पण सखाहरी आता कच्चा राहिला नव्हता. चिठ्ठीला त्याने हातही लावला नाही.

"थोडा वेळ लागेल, साहेब."

घरी येऊन त्याने डोळे उघडले आणि कढईपुढे बसला. द्रौपदाला वाटलं, सही झाली, खुशीत खातोय. कांदे तिनेच चिरून दिले.

दीड वर्षाने सखाहरी साहेबांच्या दारातून तिरका होऊन आत शिरला. सदरा काढला.

"बघा साहेब. एवढा होतो."

साहेबांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "अहो, पण लोंबणारी कातडी कुठंय?"

"ती भरली, साहेब. सावकाश बघा आणि सही करा. उद्यापासून मी परत डोळे मिटतो."