हळदीच्या आभाळात सांडलेला चुना

“नव्या सुनेला घोटायला बसव. कुंचला मात्र तिच्या हाताला लागू देऊ नकोस. गाडगी रंगवणाऱ्यांची पोर ती. तिच्या माहेरी रंगाचे ओघळ तसेच सोडतात आणि वर त्याचे दाम मागतात.”

सासूबाई हे थोरल्या सुनेला हळू आवाजात सांगत होत्या. पण कुडाच्या भिंतीला बोलणं अडवता येत नाही, आणि भिंतीपलीकडे नवी सून काजळ घोटत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. हात थांबला असता तर ऐकलेलं त्यांना कळलं असतं, म्हणून ती घोटत राहिली. त्या दिवशी शाई फार सुरेख झाली.

ही गोष्ट कधीची म्हणाल, तर लोक जुन्या राजांची नावं विसरून गेले होते आणि डोंगरांना नावं द्यायची अजून बाकी होती, त्या काळची. अशाच एका बिननावाच्या डोंगराखाली चित्रकारांचं हे घर होतं. जत्रेला देवीपुढे जो मोठा पट टांगत, तो पिढ्यान्‌पिढ्या इथेच रंगायचा. खळ दिलेल्या कापडावर मधोमध गावचा डोंगर, वर हळदीचं पिवळं आभाळ, पायथ्याशी चुन्याची पांढरी घरं आणि खाली काजळाच्या शाईची नदी. दरवर्षी तोच डोंगर, तेच आभाळ.

घराचा एक नियम होता, आणि तो पाळला जातोय का हे गावचे पाटील बघायचे. पटावर ज्याच्या हातून डाग पडेल, त्यानं कुंचला खाली ठेवायचा, तो कायमचा.

थोरल्या सुनेची नदी एकदा काठाबाहेर गेली होती. तेव्हापासून ती चुलीपुढे बसायची. भाकरी उत्तम करायची. पण परातीतल्या पिठावर बोटानं डोंगर काढायची आणि कुणी आलं की हातानं मोडून टाकायची. धाकटीनं, म्हणजे नव्या सुनेनं, ते पाहिलं होतं. सासूबाई हल्ली पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलतात, हेही तिनं पाहिलं होतं. ती कुणाला काही बोलली नाही. नव्या सुनेला डोळे असतात हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि त्यात तिची सोयच होते.

जत्रा तोंडावर आली. पट जवळजवळ पुरा झाला होता. आभाळाची हळद अजून ओली होती. त्या घरात हळदीची वाटी उजवीकडे आणि चुन्याची डावीकडे असायची, कारण दोन्ही भेटले की लाल होतं, आणि पटावर लाल रंगाला जागा नव्हती. सासूबाईंनी घरं पांढरी करायला चुन्याची वाटी उचलली. हात थरथरला. वाटी आभाळातच कलंडली. ती सावरायला गेल्या, तर कोपराचा धक्का शाईला लागला आणि शाई चुन्यात शिरली.

सासूबाईंनी फडक्याकडे हात नेला. धाकटीनं त्यांचं मनगट धरलं. नमस्कार सोडला तर लग्नानंतर तिनं सासूला पहिल्यांदाच हात लावला होता.

“आत्याबाई, ओलं आहे तोवर पुसू नका. जास्त पसरेल.”

“मग काय करू? आरती ओवाळू त्याला?”

“थोडं थांबू या. काय होतंय ते बघू.”

“काय व्हायचंय आता? माझा कुंचला गेला.” सासूबाईंनी कुंचला पाटावर ठेवला. अगदी हळू ठेवला, निजलेलं मूल ठेवावं तसा.

थोरली पिठाच्या हातांनी दारात उभी होती. “माझ्या वेळेला कुणी म्हणालं नाही, थोडं थांबू या,” ती म्हणाली.

सासूबाईंनी मान वर केली नाही. “नाही म्हणालं,” त्या म्हणाल्या. “मीच म्हणायला हवं होतं.”

मग तिघी पटाशेजारी बसून राहिल्या. चुना हळदीत मुरत गेला आणि आभाळ कडेकडेनं लाल होऊ लागलं. ती लाली डोंगराच्या खांद्यावरून खाली घसरली. चुन्यात शिरलेल्या शाईला बारीक बारीक फाटे फुटले. कुठल्याही कुंचल्याला जमणार नाहीत असे.

“यावर एक मोठा पक्षी काढते,” सासूबाई म्हणाल्या. “झाकून जाईल.”

“एवढा मोठा पक्षी पाहिला की लोक आधी हेच विचारतील, खाली काय झाकलंय.”

थोरलीला हसू आलं. मग सासूबाईंनाही आलं, पण त्यांनी ते पदरात घेतलं.

“आभाळ लाल झालं,” धाकटी म्हणाली, “तर ते नदीतही दिसायला हवं. जाऊबाई, नदी तुम्ही करा.”

थोरली घाबरली. “माझी नदी काठाबाहेर जाते.”

“जाऊ दे गेली तर,” सासूबाई म्हणाल्या, आणि आपणच असं बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

थोरलीनं कुंचला घेतला नाही. बोटानंच हळद ओढली, बोटानंच चुना सोडला आणि काळ्या पाण्यावर लाल झाक उतरवली. नदी काठाबाहेर गेली. बरी दिसली.

डोंगरावरची झाडं तेवढी राहिली होती. धाकटीनं पाटावरचा कुंचला उचलून सासूबाईंच्या हातात दिला. “झाडं तुम्हीच काढा, आत्याबाई. तुमच्या हाताला वारा लागलाय, तो झाडांना द्या.”

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. हिला माहीत होतं तर. मग त्यांनी थरथर लपवायला दुसऱ्या हातानं मनगट धरलं नाही. हात थरथरत राहिला, आणि पटावरची झाडं डोलू लागली.

जत्रेच्या सकाळी पट टांगला. गाव समोर येऊन उभा राहिला.

“हा आपला डोंगर नव्हे,” पाटील म्हणाले.

“आपलाच आहे,” मागून एक शेरडं राखणारी म्हातारी म्हणाली. “उजाडता उजाडता असाच दिसतो. तुम्ही उठता उशिरा, पाटील, त्याला तो डोंगर काय करणार?”

लोक हसले. मग जवळ सरकून बघू लागले. कुणाला आपलं घर सापडलं, कुणाला आपली पाऊलवाट. पाटलांनीही मान डोलावली. पण नियम तो नियम. त्यांनी विचारलं, “आभाळ कुणी रंगवलं?”

सासूबाई पुढे आल्या. “हात माझा होता. डाग पडला माझ्या हातून. कुंचला खाली ठेवायचा, ते मला ठाऊक आहे.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. पाटलांनी तो नियम मोडीत काढला. त्या घरात हळद आणि चुना शेजारी शेजारी राहू लागले, तिघींच्या हातात तीन कुंचले आले, आणि दरवर्षी डोंगर निराळा दिसू लागला. लोक लांबून तो बघायला येऊ लागले. पण हे सगळं घडलं ते एका बोलण्यामुळे. गावानं जिचा आवाज तोवर ऐकला नव्हता, ती नवी सून सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनं मान खाली घातली नाही.

“हे आमच्या घरचं आभाळ आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे,” ती म्हणाली. “हातून काही सांडलं तर पुसायची घाई करू नये. चित्र कुठे निघालंय, ते आधी बघावं.”