न टेकलेला ब्रश

मखमलीला टक्कल मी पाडलं आणि नाव द्वारकाबाईंचं घेतलं.

मी मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक. तिथल्या कोच-खुर्च्या द्वारकाबाई वीस वर्षं साफ करत होत्या. त्या दिवशी वधूवरांच्या कोचावर श्रीखंडाचा डाग दिसला आणि मला त्यांची वाट पाहवेना. कपाटातला हाताला लागला तो ब्रश घेऊन मी खसाखसा घासलं. डागाबरोबर मखमलीची लवही गेली.

मालक संतापले. मी साळसूदपणे म्हणालो, "ब्रश सगळे द्वारकाबाईंचे. मी आजवर एकालाही हात लावलेला नाही."

द्वारकाबाई रडल्या नाहीत. दोन पांढरे ब्रश घेऊन आल्या. "मालक, कुठलाही ब्रश मी आधी गालावर फिरवून बघते. गालाला सोसेल तोच मखमलीला. आज साहेबांचा गाल घेऊ का?"

पहिल्यासाठी मी हसत गाल पुढे केला. मऊ लागला. दुसराही दिसायला अगदी तसाच. त्याच्या दांड्यावरची चीर तेवढी मी ओळखली. तो टेकायच्या आधीच मी मान मागे घेतली.

"लांबूनच टोचला का साहेब?" द्वारकाबाई म्हणाल्या. "हा फरशीचा. हात न लावता कसं हो कळलं?"

मालक माझ्याकडे वळले. खाली मान घालून मी कबूल केलं.

"गाल भरून आला असता," ब्रश पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "मखमल येत नाही."

तो ब्रश माझ्या गालाला टेकलाच नाही. गाल मात्र अजून चुरचुरतो.