रेघेबाहेरच्या

“एकही बाहेर गेली नाही?”

“एकही नाही, बाई.”

हेरंबने हे जरा छाती काढूनच सांगितलं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीच्या तळाशी चाळीस वर्तुळं होती, केसाच्या जाडीहून जेमतेम मोठी. प्रत्येकात मूळपेशींचा एकेक घोळका. वर्तुळात चिकट लेप, बाकीची काच गुळगुळीत. आखून दिलेल्या जागीच पेशींनी वाढायचं. पुढे त्यातून हृदयाला लावायचा तुकडा घडवायचा होता. बशीचा फोटो आज दुपारी शोधनिबंधासोबत जाणार होता.

पाटणकर बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आयुष्यभर पेशीच वाढवलेल्या बाई. त्यांना घाई ठाऊक नव्हती.

“शिकवलंस कसं यांना?”

“मोजमाप, बाई. रेघ अचूक असली की पेशी ऐकतात.”

“अस्सं...”

बशी कणभर सरकली.

“मग मधल्या काचेवर हे ओरखडे कसले?”

हेरंबचे कान तापले. काल फोटो काढण्याआधी त्याने पिपेटच्या टोकाने बाहेरच्या पेशी खरवडून काढल्या होत्या. मग बशी तीनदा धुतली होती.

“किती होत्या?”

“...बऱ्याच.”

“किती दिवस खाऊ घातलंस?”

पेशींचं पोषक पाणी बदलण्याला तिथे सगळे खाऊ घालणंच म्हणत. हेरंबने एकही दिवस चुकवला नव्हता. नरकचतुर्दशीला तर ओल्या केसांनी येऊन गेला होता.

“एकवीस दिवस.”

“बाहेरच्यांनाही?”

“...हो.”

आता त्याला मान वर करवेना. खोटा फोटो एकवेळ कबूल करता आला असता. पण ज्यांना खाऊ घातलं त्यांनाच खरवडलं, हे फार लागलं.

“उद्या हा तुकडा कुणाच्या छातीत बसेल,” बाई म्हणाल्या. “तिथे पिपेट घेऊन तू असशील?”

“चुकलो, बाई. ही बशी टाकून देतो. नव्याने करतो सगळं.”

त्याने ब्लीचची बाटली उचलली.

बाईंनी बशीवर हात धरला. मग स्टुलावरून उठल्या आणि त्याला तिथे बसवलं.

हेरंबने पाहिलं. एका ओरखड्याच्या कडेला एक पेशी राहून गेली होती. एकटीच. आणि तिच्या दोन होत होत्या.

लाजेने त्याचे डोळे भरले. तरी तो बघत राहिला.

“बाई... निबंधाचं काय करू?”

बाईंनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली.

“आधी तिला खाऊ घाल... मग तिच्यासकट फोटो काढ.”