लीनबाबाचं सूत

फार फार मागे, वेळूबंदराला अजून धक्काही बांधलेला नव्हता तेव्हा, एका चिनी गलबतानं तापानं फणफणलेला आपला वैद्य किनाऱ्यावर उतरवला आणि ते निघून गेलं. तो जगला, इथलाच झाला. गाव त्याला लीनबाबा म्हणू लागलं.

त्या गावात आवडा नावाची नुकतीच बाळंत झालेली सून होती. तिचा नवरा वादळात सापडला. तो धडधाकट परत आला, पण आवडाच्या छातीतली धडधड काही थांबेना. भांडं पडलं तरी दचकायची. हातून निसटेल म्हणून बाळाला उचलेना. (आई झाल्यावर असं भय वाटतं, हे मलाही आधी कुणी सांगितलं नव्हतं.) गावाची रीत अशी, की भेदरलेल्या माणसाच्या कानाशी ढोल बडवायचा, म्हणजे भीती पळते. रोज ढोल वाजे आणि रोज आवडा आणखी वाळे. शेवटी सासू म्हणाली, "बाळाला माझ्या लेकीच्या पदरात घालते. तिच्या अंगावर दूध आहे. जगेल तरी."

तेव्हा लीनबाबा दारात आला. नाडी बघू म्हणाला.

"आमच्यात बाईचा हात धरला की लग्न लागतं," सासू म्हणाली. "तुम्ही आपले अंगणात बसा."

त्यानं जाळ्याचं सूत मागितलं. एक टोक आत पाठवलं, दुसरं तीन बोटांखाली धरून तो अंगणात बसला. सासूनं खोडी म्हणून ते आधी स्वतःच्याच मनगटाला बांधलं.

"ही नाडी दणकट," बाहेरून आवाज आला. "हिला सगळं घर घाबरत असेल."

सासूनं घाईघाईनं सूत सोडून सुनेच्या मनगटाला बांधलं. असं म्हणतात, की वारा नसताना ते थरथरू लागलं आणि खाडीचं पाणीही त्याच तालावर हलू लागलं.

"मन काळजात राहतं," लीनबाबा म्हणाला. "रक्त हे त्याचं अंथरूण. बाळंतपणात रक्त गेलं, वर भीतीनं दार उघडलं. मन बाहेर जाऊन समुद्राकडे बघत बसलंय. ढोल वाजला की आणखी लांब पळतं."

"मग परत आणायचं कसं?"

"अंथरूण घाला. येतं आपोआप."

त्यानं सुकवलेली लाल बोरं शिजवून द्यायला लावली, त्यांच्या बियांतला गर भाजून कुटायला लावला. मनगटाच्या रेघेपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध, अंगठा हळूच दाबून धरायचा. तो अंगठा सासूचा. ढोल आढ्याला टांगला गेला आणि बाबा सूत धरून अंगणात बसून राहिला. असं म्हणतात, सूत स्थिर झालं त्या संध्याकाळी भरतीसुद्धा पाय न वाजवता आली.

आत आवडा म्हणाली, "आई, बाळ इकडे द्या."

"आधी नीट टेकून बस."

"बसलेय. द्या."

आजही होड्यांना उशीर झाला, की वेळूबंदरात कुणी ढोलाला हात लावत नाही. बायका धक्क्यावर बसतात, लीनबाबाचं नाव घेतात आणि एकमेकींची मनगटं धरतात. धडधड राहिलीच तर दवाखाना गाठतात, तेवढ्या शहाण्या आहेत. नव्या सुनेचं मनगट सासूनंच धरायचं, असा नेम आहे. आणि सासूच घाबरली, तर सुनेनं. "मला काय धाड भरलीय," असं सासू म्हणते, आणि हात पुढे करते.