कणीच्या भावाचं अंडं

चार चाकं, वर घर. त्याला म्हणायचं घरगाडी. ही घरगाडी होती यमुताईची. ती घाटात उभी होती, दरडीला अगदी खेटून.

घरगाडीत एक खोकं. खोक्यात एक अंडं. अंड्याशेजारी कणी. कणी म्हणजे कोंबडीचं पिल्लू. कालच बाहेर आलेलं, एवढुस्सं. आई नव्हती. आईला मुंगसानं नेलं. म्हणून यमुताईनं खोक्यावर दिवा टांगला होता. दिवा ऊब द्यायचा. दिवा हीच त्यांची आई.

अंड्यात होता कणीचा भाऊ. तो आतून चोच मारायचा. टक टक टक.

त्या दिवशी सकाळी दिवा गेला.

यमुताईनं बल्ब बदलला. दिवा लागेना. फ्यूज बघितला. लागेना. तारा आवळल्या. लागेना. मग ती मेकॅनिकला आणायला घाट उतरून गेली. तिनं सगळीकडे बघितलं, फक्त छतावर नाही. मोठी माणसं वर बघतच नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.

खोकं गार पडलं. अंडं गार पडायला लागलं. टक टक.

कणी घाबरली. तिनं मान वर केली.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना. अंडं गार पडतंय. अंड्यात माझा भाऊ आहे."

दिवा म्हणाला, "मी कसा लागू? तारताई वीज आणेना."

कणी खोक्यातून उतरली. टुपकन. निघाली तारेकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तारताई, तारताई, वीज आण ना. दिवा लागेना. अंडं गार पडतंय. अंड्यात माझा भाऊ आहे."

तार म्हणाली, "मी कुठून आणू? बॅटरीबाई वीज देईना."

कणी निघाली बॅटरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बॅटरी बसली होती बाकड्याखाली, अंधारात. कपाळावर मोठं कुंकू.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, वीज दे ना. तार वीज आणेना. दिवा लागेना. अंडं गार पडतंय. अंड्यात माझा भाऊ आहे."

बॅटरी म्हणाली, "माझं पोट रिकामं. छतावरची प्लेटबाई ऊन पिईना, मला भरवेना."

कणीनं मागं कान दिला. खोक्यातून आवाज आला. टक. एकच.

कणी पळाली. दारातून बाहेर, पायरीवरून खाली. टुपकन टुपकन. दरडीचे दगड चढली. पडली. परत चढली. दरड होती छताएवढी उंच. समोर छतावर सोलरची प्लेट.

"प्लेटबाई, प्लेटबाई, ऊन पी ना. बॅटरी वीज देईना. तार वीज आणेना. दिवा लागेना. अंडं गार पडतंय. अंड्यात माझा भाऊ आहे."

प्लेट म्हणाली, "मी कशी पिऊ? डोळ्यांवर माळमावशी बसलीय, ती हलेना."

खरंच की. प्लेटेवर माळच माळ. झेंडूची, जाडजूड, वेटोळी घातलेली. खंडेनवमीला यमुताईनं गाडीची पूजा केली होती. चाकांना हळदीकुंकू. बॅटरीला कुंकू. आणि सगळ्यात मोठी माळ प्लेटेला. प्लेट उजेड देते, म्हणून तिचा मान मोठा. बिचारी यमुताई. मायेनंच प्लेटेचे डोळे झाकले तिनं.

"माळमावशी, माळमावशी, हल ना. प्लेट ऊन पिईना. बॅटरी वीज देईना. तार वीज आणेना. दिवा लागेना. अंडं गार पडतंय. अंड्यात माझा भाऊ आहे."

माळ म्हणाली, "मी पूजेची. सुकले तरी मला कुणी हात लावेना. शेळीकाकूनं खाल्लं, तरच सुटेन."

शेळी दरडीवरच होती. बोरीच्या झाडाला बांधलेली. कणी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तिनं मागं कान दिला. इथून काहीच ऐकू येईना.

"शेळीकाकू, शेळीकाकू, माळ खा ना. माळ हलेना. प्लेट ऊन पिईना. बॅटरी वीज देईना. तार वीज आणेना. दिवा लागेना. अंडं गार पडतंय. अंड्यात माझा भाऊ आहे."

शेळी म्हणाली, "बेंऽ. झेंडू मला फार आवडतो. पण मी बांधलेली. गोजराबाई मला सोडेना."

गोजराबाई शेळीची मालकीण. झाडाखाली बसली होती. केस पिकलेले, डोक्यावर पदर. कणी तिच्या पायाशी गेली.

"आजी, आजी, शेळी सोड ना. शेळी सुटेना. माळ हलेना. प्लेट ऊन पिईना. बॅटरी वीज देईना. तार वीज आणेना. दिवा लागेना. अंडं गार पडतंय. अंड्यात माझा भाऊ आहे."

गोजराबाईनं मान हलवली.

"देवाची माळ हाय ती, बाये. माझ्या शेळीनं खाल्ली तर पाप मला लागंल. आन् आत भाऊ हाय म्हंतीस, पर बोलतोय का त्यो? बोलला, तर सोडीन."

गोजराबाईनं कणीला ओंजळीत घेतलं. दोघी घरगाडीत आल्या. आजीनं अंडं उचललं. कानाला लावलं.

काही नाही.

"गार हाय गं," ती हळूच म्हणाली. "गेला असंल."

कणीला रडू आलं. तिनं चोच पुढं केली. अंड्यावर मारली. टक.

काही नाही.

परत मारली. टक.

काही नाही.

मग आतून, अगदी बारीक, कुणीतरी म्हणालं, टक.

गोजराबाईनं अंडं आपल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं. मग ती दरड चढली. भराभरा.

"जिवापुढं माळ कसली," ती म्हणाली. आणि तिनं गाठ सोडली.

शेळी सुटली. उडी मारून छतावर गेली. धाडकन. तिनं माळ खाल्ली. चरचर चरचर. माळ हलली, माळ सरली. प्लेट ऊन प्याली. गटगट गटगट. बॅटरीचं पोट भरायला जरा वेळ लागला. मग बॅटरीनं वीज दिली. तारेनं वीज आणली. दिवा लागला.

अंड्यावर ऊब आली. पण अंडं गप्प.

कणी त्याला चिकटून बसली. दुपार झाली. अंडं गप्पच.

मग टक.

टक टक.

टक टक टक.

टरफलाला चीर गेली. आतून भाऊ आला. ओला, दमलेला. एक पाय थोडा वाकडा. पण जिवंत.

यमुताई मेकॅनिकला घेऊन आली, तर दिवा लागलेला. मेकॅनिकनं विचारलं, बिघाड कुठाय. छतावर शेळी उभी होती, तोंडाला झेंडूची पाकळी.

"मी माळेला हात लावला न्हाई," गोजराबाई म्हणाली. "शेळीनं खाल्ली. शेळीला पाप लागत न्हाई."

यमुताईनं वर बघितलं. मग खोक्यात बघितलं. तिथं आता दोन पिल्लं होती. आई नव्हतीच. पण दिवा होता. आणि कणीनं आपला इवलासा पंख भावावर टाकला होता.

टरफल फुटलं, एकाची दोन झाली. आमची गोष्ट उजेडात आली.