ना हरकत

एकदा एका मुलीला जगात येण्याची फार घाई झाली. नववा महिना तर दूरच, सातवाही लागला नव्हता. वजन सहाशे वीस ग्रॅम. तिच्या आईने भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा याहून जड होता. तिला काचेच्या पेटीत ठेवले, घशात नळी घातली आणि तिच्या वतीने यंत्र श्वास घेऊ लागले.

त्या विभागाचे प्रमुख एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली शिकणारा शिष्य रोज नोंद करी, 'बाळ शांत आहे.' गुरू ती वाचून म्हणत, "शांत तर टेबलही आहे."

अठराव्या दिवशी मुलीचे आजोबा आले. मोठे व्यापारी, शिस्तीचे गृहस्थ. कागद टाइप करून आणला, तोही तीन प्रतींत: 'यंत्र काढून घेण्यास आमची ना हरकत आहे.'

"डॉक्टर, एवढ्याशा जिवाचे हाल बघवत नाहीत हो. आणि इथे बसून सूनबाईची काडी झाली."

आईचा हात पेटीच्या खिडकीतून आत होता. ती म्हणाली, "मामंजी, तिनं माझं बोट धरलंय. तिनं सोडलं की उठते."

गुरूंनी कागद वाचला. "मुलीची सही कुठे आहे?"

"तिची कशी असेल?"

"मग अर्ज अपुरा आहे."

शिष्याला ही थट्टा रुचली नाही. आजोबांच्या डोळ्यांत पाणी होते.

इतक्यात मुलीने आईचे बोट सोडले, नळी पकडली आणि ओढून बाहेर काढली. यंत्र किंचाळू लागले. शिष्य नवी नळी घेऊन धावला. गुरूंनी एका हाताने त्याचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने मुलीच्या नाकावर हवेचा छोटा मास्क टेकवला.

"थांब."

"बघा," आजोबा हात जोडून म्हणाले, "तिलाच नकोय."

पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरत होता. ऐंशी. बहात्तर. चौसष्ट. मग ती काडेपेटीएवढी छाती हलली. पुन्हा हलली. मांजरीच्या पिलासारखा चिरका आवाज आला आणि आकडा चढू लागला.

गुरूंनी मनगट सोडले. "साठ झाले असते, तर तुझी नळी मीच घातली असती. आजोबा, तिनं नळी नाकारली, श्वास नाही. अठरा दिवस आपण तिला टोचतोय, तिनं चकार शब्द काढला नाही. हा शहाणा त्याला शांतता म्हणत होता. अरे, ज्याला जगायचं असतं तो तक्रार करतो! आज तिनं आपल्या कारभारावर पहिली हरकत घेतली आहे. दाखल करून घे."

वाट पुढेही सरळ नव्हती. एकदा नळी परत घालावी लागली. तीही तिने काढली.

तीन महिन्यांनी ती घरी निघाली, तेव्हा शिष्याने आजोबांचा कागद शोधून काढला, त्यातला 'ना' खोडला आणि खाली तिचे शाई लावलेले पाऊल टेकवले. आजोबांनी चष्मा लावून वाचले: '...आमची हरकत आहे.'

मग घसा खाकरून म्हणाले, "उरलेल्या दोन प्रतींवरही घ्या."

पुन्हा शाई लागताच मुलीने सगळा विभाग डोक्यावर घेतला. शिष्याने शेवटची नोंद केली: 'बाळ शांत नाही.'